पाणीसुद्धा मागायचं नाही

प्रिय दादा,

रविवारी मी तुला पाहिलं. तू मला पाहिलं नाहीस, कारण मी तशी काळजी घेतली होती. तुमच्या प्रार्थनेच्या जागी सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसून मी तुझी पाठ बघत होते. मानेवरचे केस पांढरे झालेत तुझे. बसतोस मात्र अजून तसाच, एक खांदा खाली टाकून, जणू समोर कामाचं टेबल आहे आणि हातात कुणाचा तरी प्लॅस्टरचा जबडा आहे. मी तिथे तुझ्याकडे एक गोष्ट मागायला आले होते आणि न मागता निघून गेले. का, ते सांगायला आज बसले आहे. ते मागणंही याच पत्रात करायचं आहे. कसं करायचं ते मात्र अजून कळलेलं नाही.

मागणं काय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला तर्क करत बसायला नको. तुला एक भाची आहे. आई गेल्यावर, तू घर सोडल्यावर माझं लग्न झालं आणि पुढे ही झाली. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण चालायला लागल्यापासून ती सरळ अशी चाललीच नाही. दारातून आत येतानाही एक गिरकी घेऊन यायची. गेलं वर्षभर तिचं यकृत निकामी होत चाललं आहे. आधी डोळे पिवळे झाले तेव्हा आम्हाला साधी कावीळ वाटली. मग पोट फुगलं, पाय सुजले. आता ती हॉस्पिटलात खिडकीजवळच्या खाटेवर पडून असते आणि मला विचारते, आई, मी केळ्यासारखी दिसते का गं? मी म्हणते, छे, आंब्यासारखी. ती म्हणते, मग ठीक आहे, केळं मला आवडत नाही.

कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर ती वाचेल, असं डॉक्टर म्हणतात. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. पण रक्तगट जुळायला हवा. तिचा ओ. माझा जुळत नाही, तिच्या बाबाचा जुळत नाही, त्याच्याकडच्या ज्यांचा जुळला त्यांना कुणाला साखर, कुणाला आणखी काही. आपल्या घरात ओ दोघांचाच, बाबांचा आणि तुझा. बाबा तर काठी टेकत थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, माझं घ्या, मला आता कुठे एवढं पचवायचंय. डॉक्टर हसले नाहीत. आजोबा, तुमचं तुम्हालाच लागणार आहे, म्हणाले. बाबा बाहेर येऊन बाकावर बसले आणि बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिले. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेतलं. एवढंच म्हणाले, त्याचाही ओ आहे.

तर तुला शोधायचं होतं आणि तू कुठे आहेस हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या पत्त्यांवर विचारून झालं, तुझ्या जुन्या मित्रांना फोन करून झाले. तू सापडलास तो एका तुटलेल्या कवळीमुळे. बाबांचा कवळ्यांचा कारखाना आता मी चालवते. कारखाना म्हणायचं आपलं, तीच ती खोली, तेच प्लॅस्टर, तोच मेणाचा वास. नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांनी एक खालची कवळी दुरुस्तीला पाठवली, मोरीत पडून मधोमध दुभंगलेली. मी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले आणि हातातलं काम तसंच राहिलं. पुढच्या दातांपैकी डावीकडचा एक किंचित आत वळवलेला होता. बाबा शिकवायचे ते तुला आठवत असेलच, सरळ रांग शाळेतल्या पोरांची असते, तोंडातली नसते. एखादा दात वाकडा लावला तरच कवळी खरी दिसते. तेव्हा वाकडा दात मीही लावते. पण हा तोच दात होता, तेवढाच वळलेला, शेजारच्यावर किंचित चढलेला. हा आईचा दात होता, दादा. तू लोकांच्या कवळ्यांत आईचा दात लावतोस. मी तो तुकडा चिमट्यात धरून खिडकीपाशी नेला आणि मला जे वाटलं ती माया होती की संताप, हे मला आजही सांगता यायचं नाही.

डॉक्टरांकडून कवळीच्या मालकिणीचा पत्ता काढला. लेकीकडे राहायला आलेली एक म्हातारी निघाली. कवळी द्यायला मी स्वतः गेले. बाईंनी ती घातली, आरशात बघून ओठ पुसले आणि म्हणाल्या, आता कसं माणसात आल्यासारखं वाटतं. कुणी केली विचारल्यावर म्हणाल्या, आमच्या चर्चच्या मंडळीतला एक भाऊ आहे, गुणी आहे, पण मुलखाचा घुमा. रविवारी ये की, तोही असतो. मी बहीण आहे हे मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही? मला वाटतं, तुला आधीच कळेल आणि तू पळून जाशील ही भीती होती. तुझ्याबद्दल मनात पहिली येते ती हीच गोष्ट, पळून जाणं.

चर्च म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे घंटा, रंगीत काचा, मेणबत्त्या असलं काहीतरी होतं. आपल्या घरी देवाधर्माचं फारसं कधीच नव्हतं, त्यामुळे जे माहीत ते चित्रांतलं. पत्ता शोधत आले तर एका लाकूडसामानाच्या जुन्या गोदामासमोर उभी राहिले. आत अजून पॉलिशचा वास येत होता. मूर्ती नाही, तसबीर नाही. क्रूस तरी असेल म्हणून चारी भिंती पाहिल्या, तोही नाही. बाकं चारी बाजूंनी मध्याकडे तोंड करून मांडलेली, मध्ये एक लहान टेबल, त्यावर पांढरं कापड, एक पाव आणि एक पेला. ते त्याला भाकर म्हणतात. भिंतीला लागून पत्र्याची परातीएवढी घमेली एकात एक घालून ठेवलेली आणि वर खुंट्यांना पंचे. मला वाटलं, जेवणावळ आहे.

मग कुणी काही बोलेचना. मला वाटलं, यांचे पाद्री यायचे असतील. त्या कवळीवाल्या आजीबाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या होत्या, त्यांनी कानाशी सांगितलं की आमच्यात पाद्री नसतो, ज्याला आतून सांगावंसं वाटतं तो उठतो. आणि नाहीच वाटलं कुणाला तर? तर गप्प बसून घरी जातो, त्यानेही कुणी मेलेलं नाही. थोड्या वेळाने एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले की या आठवड्यात ते बायकोशी फार तुसडेपणाने वागले. एवढंच बोलून बसले. बायको समोरच्या बाकावर होती, ती स्वतःच्या पायांकडे बघत होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. मग एका बाईने वाद्याशिवाय गाणं धरलं आणि सगळे त्यात मिसळले. आजीबाई पुटपुटल्या, ही जन्माची बेसूर आहे, देव ऐकून घेतो, त्रास आम्हाला. तुझा आवाज मी वेगळा काढू पाहत होते. नाही निघाला. तो सगळ्यांत मिसळून गेलेला होता आणि याचाही मला राग आला, हे मी लपवत नाही.

मग भाकरीची ताटली निघाली. प्रत्येक जण एक तुकडा मोडतो, खातो आणि ताटली शेजाऱ्याकडे देतो. ती तुझ्यापर्यंत आली. तू ती दोन्ही हातांनी घेतलीस, मांडीवर धरलीस, तिच्याकडे बघत राहिलास आणि तशीच पुढे सरकवलीस. पेलाही तसाच. शेजारच्या माणसाने काही विचारलं नाही, वळूनही पाहिलं नाही. तिथे सगळ्यांना ते सवयीचं होतं.

सगळं आटोपल्यावर कोपऱ्यात चहा होता. तू आणि आणखी दोघं बाकं उचलून भिंतीला लावत होता. मी आजीबाईंना विचारलं, तो माणूस भाकर का नाही घेत? त्या मला घमेल्यांपाशी घेऊन गेल्या आणि तिथे उभ्या राहून त्यांनी जे सांगितलं ते जमेल तेवढं त्यांच्याच शब्दांत लिहिते. त्या म्हणाल्या, आम्ही लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाही, माणसाने मोठं होऊन, समजून उमजून पाण्यात उतरायचं. आम्ही शपथ घेत नाही, कारण रोजचं बोलणंच खरं असायला हवं. आणि तुम्ही माणसाचं जे बिघडवलंत त्याची माफी आम्ही देवाकडे मागत नाही. ती त्या माणसाकडे मागायची. येशूने सांगितलंय की देवापुढे काही ठेवायला निघालास आणि आठवलं की कुणाच्या तरी मनात तुझ्याविषयी काही आहे, तर ते तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. तो निवळला की मग ये. तोवर भाकर घ्यायची नाही. हे कुणी तपासत नाही, ज्याचं त्याने ठरवायचं. या भावाला एक बहीण आहे म्हणे. तिच्या मनात याच्याविषयी आहे. तो आमच्यात आल्यापासून ताटली पुढे सरकवतो. मी विचारलं, मग जात का नाही तो तिच्याकडे? आजीबाई म्हणाल्या, आम्ही म्हणून थकलो. म्हणतो, माफी मागायला जायचं तर निदान तोंड तरी हवं.

हे सांगताना त्या माझ्याकडे बघून हसत होत्या आणि मी त्यांच्या तोंडातल्या आईच्या दाताकडे बघत होते.

ती घमेली कशासाठी तेही मी विचारलं. दोन माणसांची दिलजमाई झाली की ती सगळ्यांसमोर एकमेकांचे पाय धुतात. आणि त्या दिवशी, दिवस मावळेपर्यंत, त्या दोघांनी एकमेकांकडे काही म्हणजे काही मागायचं नाही. पाणीसुद्धा मागायचं नाही. तहान लागली तर आपलं आपण उठून घ्यायचं. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाल्या, पोरी, माफ केलं म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने मागायचं, तर तो बाजार झाला. एक दिवस तरी कळू दे की यात देणंघेणं नव्हतं. मी जरा तोऱ्यात म्हटलं, तुमच्याकडे सगळ्याला उत्तर आहे. त्यावर म्हणाल्या, दात माझे नाहीत, पण बोलणं माझंच आहे हो. मग त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. नखांच्या कडांना प्लॅस्टर होतं, धुऊनही जात नाही ते, तुला माहीत आहे. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्या नखांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, तूच का ती?

मी हो म्हणाले आणि बाजूच्या दाराने निघाले. मागून तुझं हसणं ऐकू आलं, कुणाच्या तरी पायावर बाक पडता पडता राहिला होता वाटतं. हसणं अगदी तसंच आहे.

घरी येऊन हे सांगितल्यावर माझा नवरा माझ्याकडे बघतच राहिला. तो शाळेत भूगोल शिकवतो, शांत माणूस आहे, आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. अगं, तो समोर होता! हाक मारायचीस! पोरीचा जीव जातोय आणि तुला विचार सुचताहेत? पुढे म्हणाला, तुला नसेल जमत तर मी जातो, मी पाय धुतो त्याचे, मी पिईन ते पाणी. आणि रडायला लागला. तो बरोबर आहे, मी चूक आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी त्याला थांबवलं. म्हटलं, मला लिहू दे, लिहून मी नीट सांगेन, एवढं माझं ऐक. तुला माहीत आहे मी कशी आहे. रोजची डायरी लिहितानासुद्धा एखादं वाक्य खोटं वाटलं तर खोडून पुन्हा लिहिते. तू चिडवायचास, हिची डायरी म्हणजे कोर्टाची साक्ष. ते सगळं आता माझ्या मुलीच्या आड येतंय.

माझी अडचण अशी आहे, दादा. मला दिसतंय की मी तुझ्यापुढे नुसती उभी राहिले तरी तू हो म्हणशील. तू इतकी वर्षं ताटली पुढे सरकवत बसला आहेस; तू यकृतच काय, मागितलं तर काळीज काढून देशील. मी ‘दादा, झालं गेलं विसरले’ एवढं म्हणायचा अवकाश. ते म्हणायला मला काही लागत नाही. भिंगरीसाठी मी याहून मोठं खोटं बोलेन. पण ते खोटं असेल. मी विसरलेले नाही. त्या शेवटच्या संध्याकाळी हॉस्पिटलात आईजवळ बसायची पाळी तुझी होती. मी दिवसभर बसून तुझ्या हवाली करून घरी गेले होते. तू उठून गेलास. कुठे गेलास, किती वेळ गेलास, ते तू कधी सांगितलं नाहीस. आणि आई त्या खोलीत एकटी गेली. नर्सने पाहिलं तेव्हा तिचा हात खाटेच्या कठड्याबाहेर लोंबत होता. मी त्या हाताचा विचार केला नाही असा दिवस गेलेला नाही. तुला शोधायला निघाले तेही पोरीसाठी, मायेने नाही. तुझ्या त्या लोकांच्या नियमाने बघितलं तर मी तुला आज माफी देणं हा बाजार आहे, आणि न देता मागणं म्हणजे तुझ्या ओझ्याचा फायदा उठवणं आहे. आणि मी काहीच न मागणं म्हणजे माझ्या मुलीला मारणं. यातलं सगळ्यात कमी वाईट कोणतं हे मी परवापासून ठरवते आहे, आणि तिकडे तिच्या पायांवर बोट दाबलं तर खळगा भरून यायला आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो.

तेव्हा मी ठरवलं आहे ते असं. मी तुला माफ केलेलं नाही. तरी मागते आहे. तू ये, तपासून घे, जुळलं तर तिला तुकडा दे. त्याबदल्यात माझ्याकडून काही मिळणार नाही. पुढच्या रविवारीही ताटली तुला सरकवावीच लागेल. हे वाचून तू आलास तर तो तुझा मोठेपणा, आणि नाही आलास तर

इथे थांबले होते, कारण हॉस्पिटलातून फोन आला. पुढचं आज लिहिते आहे, आज गुरुवार.

आम्हाला दोघांना त्या लहान खोलीत बसवलं. तिथे टेबलावर कागदी रुमालांचा खोका ठेवलेला असतो. तो दिसला की पुढचं ऐकायची गरज उरत नाही. तिच्या रक्तात संसर्ग पसरला आहे. मूत्रपिंडं थकली आहेत, फुफ्फुसात पाणी आहे. डॉक्टर म्हणाले, आता तिला ऑपरेशन झेपणार नाही. देणारा दारात उभा असला तरी नाही. प्रत्यारोपणाच्या यादीवरून तिचं नाव काढलं आहे. माझ्या नवऱ्याने विचारलं, म्हणजे थोडी बरी झाल्यावर करायचं ना? डॉक्टरांनी त्याच्या हातावर हात ठेवला. मी विचारलं, रविवारी मी माझ्या भावाला घेऊन आले असते तर? ते म्हणाले, नाही हो, नुसत्या तपासण्यांनाच काही आठवडे गेले असते, काही फरक पडला नसता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पाहायला हवं होतं. डॉक्टरांच्या बोलण्यावर माझा निम्मा विश्वास बसला आहे. उरलेला निम्मा आयुष्यभर माझ्याजवळ राहील.

काल संध्याकाळी नवरा बाबांना सांगायला घरी गेला. माझी पाळी होती. भिंगरी झोपली होती, तोंड उघडं, प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत जात होता. मी तो खळगा बघत होते. पुढचा श्वास येतोय का याची वाट बघायची, तो आला की त्याच्या पुढच्याची. मग मी उठले. नर्सला म्हटलं, आलेच मी. जिना उतरले. चहा घ्यायचा होता, असं मी स्वतःला सांगत होते, पण चहावाला मागे पडला, औषधांचं दुकान मागे पडलं आणि मी चालतच राहिले. पुढे बसचा थांबा होता. बस येऊन थांबली, दार उघडलं, ड्रायव्हर म्हणाला, यायचंय का बाई? आणि मी चढले, दादा. तिकीट काढलं. खिडकीशी बसले. बस निघाली, वारा लागला, दुकानांचे दिवे मागे सरकायला लागले आणि मला बरं वाटलं. हलकं वाटलं. हे मी कुणाला सांगू शकणार नाही, नवऱ्याला तर कधीच नाही. काही काळ मी कुणाची आई नव्हते. किती थांबे गेले मला माहीत नाही. एका ठिकाणी एक बाई शाळेतल्या मुलीला घेऊन चढली, मुलगी दांड्याला धरून गोल फिरत होती, आणि मी चालत्या बसमध्ये उठून ओरडायला लागले की मला उतरवा.

मी धावत परत आले. तेवढ्या वाटेत मला आईचा कठड्याबाहेर लोंबणारा हात दिसत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्याबरोबर तू दिसत होतास, कुठल्या तरी रस्त्याने परत धावत येणारा. तू कुठे गेला होतास हे मला आता विचारायचं नाही. माझी खात्री आहे की तू ठरवून कुठेच गेला नव्हतास, माझ्यासारखाच नुसता उठून निघाला होतास.

मी खोलीत शिरले तेव्हा भिंगरी जागी होती. कुठे गेली होतीस, म्हणाली. मी म्हटलं, खाली. ती म्हणाली, पाणी दे. मी चमच्याने तिला पाणी पाजलं. दादा, तुझ्यात आणि माझ्यात फरक राहिला आहे तो एवढाच. माझं माणूस मी परत येईपर्यंत थांबलं.

आधीची पानं फाडून टाकणार होते, पण ती तेव्हा खरी होती म्हणून ठेवली आहेत. त्यातलं मागणं मात्र मी मागे घेते. तुझ्याकडून घेण्यासारखं काही आता उरलेलं नाही, तुझ्याजवळचं काहीही आता तिला उपयोगाचं नाही, म्हणून तर हे मला लिहिता येतंय. ये असंही मी म्हणत नाही. पाणीसुद्धा मागत नाही. तिच्याजवळ परत जाण्याआधी तुला एवढंच सांगायचं होतं की ती बस मला माहीत आहे, मी तिच्यात बसून आले आहे, आणि माझ्या मनात तुझ्याविषयी जे होतं ते धरून ठेवायला आता माझा हात रिकामा नाही; तो तिच्या हातात आहे. रविवारी ताटली तुझ्यापर्यंत आली की तुकडा मोडून घे. तोवर इकडे काय झालेलं असेल ते मला ठाऊक नाही. काहीही झालेलं असलं तरी घे.

तुझीच, अजूनही,
चिमटी